तीन-चार-एकेचाळीस

‘परवा’ हा शब्द मराठीत कोणी आणला कोण जाणे; पण ज्याने आणला त्याच्यावर संगणकाशी बोलण्याचा प्रसंग आला नव्हता, एवढे मात्र खास. ‘परवा आला होता’ म्हटले की हा गृहस्थ कालच्या पलीकडे जाऊन बसतो, आणि ‘परवा येईन’ म्हटले की तोच उठून उद्याच्या पलीकडे हजर होतो. तेरव्याचीही तीच तऱ्हा. आपल्याला त्यात काही अडचण पडत नाही. क्रियापद वाक्याच्या शेवटी येते, आणि तोवर थांबून ऐकण्याची आपल्या कानांना लहानपणापासून सवय असते. हिंदी बोलणाऱ्यांनी तर हा खेळ आणखी एक घर अलीकडे आणला आहे. त्यांचा ‘कल’ म्हणजे कालही आणि उद्याही.

हे थांबून ऐकणे यंत्राला शिकवायचे, हा आता जगातला एक मोठा उद्योग आहे. माणसाने आपल्या घरच्या रीतीने लिहिलेली तारीख किंवा वेळ घ्यायची, आणि तिच्यातून साल, महिना, दिवस, तास, मिनिटे वेगळी काढून यंत्राच्या खणांत बसवायची. प्रोग्रॅम लिहिणारे लोक याला पार्सिंग म्हणतात. शाळेत ज्याला आपण ‘व्याकरण चालवणे’ म्हणतो, त्यालाच इंग्रजी व्याकरणात हे नाव आहे. ‘रामाने’ : विशेषनाम, पुल्लिंगी, एकवचनी, तृतीया विभक्ती. तसेच इथे. हा दिवस, हा महिना, हे साल. पोरांना ज्या कामाचा कंटाळा त्याच कामाचे पुढे पुण्यामुंबईकडे चांगले पैसे मिळतात, हे मी हल्ली वर्गात अधूनमधून सांगतो. पोरांचा विश्वास बसत नाही.

युनिक्स घराण्यातल्या यंत्रांवर ‘डेट’ नावाची एक आज्ञा आहे. तिची ग्नू मंडळींची आवृत्ती इंग्रजीतले काल, उद्या, पुढला शुक्रवार, पंधरवड्यापूर्वी असले बोल समजून घेते. स्टीव्हन बेलोविन या गृहस्थांनी नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात असताना त्या वाचकाचे मूळ लिखाण केले, आणि १९९० साली दुसऱ्या दोघांनी ते पुन्हा पायापासून बांधले. गंमत अशी की तिसरा, चौथा, अगदी बारावासुद्धा या आज्ञेला कळतो. फक्त ‘दुसरा’ कळत नाही. इंग्रजीत दुसऱ्यालाही सेकंड म्हणतात आणि घड्याळातल्या सेकंदालाही सेकंड. दोघांपैकी एकालाच आत घेता येत होते. घड्याळवाल्याला घेतले आणि दुसऱ्याला दाराबाहेर उभे केले. आमच्या ‘परवा’चा हा परदेशातला मावसभाऊच म्हणायचा.

मी प्राथमिक शाळेतला मास्तर. फावल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. या भानगडीत मी पडलो तो शाळेच्या जनरल रजिस्टरामुळे. आमची शाळा सातारा जिल्ह्यात, कोयनेच्या बाजूच्या डोंगरांत आहे. तिच्या रजिस्टराचे जुने खंड कपाटात एकावर एक निजलेले असतात. कडा कुरतडलेल्या, शाई तांबूस झालेली, आणि प्रत्येक खंडात तीन-चार गुरुजींची अक्षरे. कोणाला दाखला लागला की तो खंड काढायचा, धूळ झटकायची आणि पान उलटताना श्वास रोखून धरायचा. २०२४ च्या मे महिन्याच्या सुटीत आम्ही दोघातिघा शिक्षकांनी ठरवले की हे सारे संगणकात उतरवून काढू. मोडीतला पहिला खंड बाजूला ठेवला. बाकीच्या नोंदी कागदावर होत्या तशाच टंकल्या. जिथे ठिपका तिथे ठिपका, जिथे रेघ तिथे रेघ. सुधारणा करायची नाही असा आमचा आपसांतला करार होता.

मग आमचा एक जुना विद्यार्थी गावी आला. पुण्यात तो प्रोग्रॅम लिहिण्याची नोकरी करतो. आमच्या जन्मतारखांचा रकाना पाहून तो हसला. एका ठिकाणी ‘३-४-४१’, दुसरीकडे ‘१.६.५२’, तिसरीकडे ‘जून सन १९५२’, आणि मधूनच ‘शके १८६९ अधिक श्रावण’ असले काही.

“गुरुजी, हे तुम्ही हाताने कधी सारखे करणार? पायथॉनमध्ये यासाठी तयार हत्यार आहे. कशीही तारीख द्या, ते ओळखते.”

हत्याराचे नाव डेटयुटिल. गुस्ताव्हो निमायर या गृहस्थांनी २००३ च्या सुमारास ते लिहायला घेतले आणि आज ते जगभर वापरतात. पोराने आधी मराठी अंक आणि महिने इंग्रजीत फिरवून घेतले, मग सारा रकाना त्या हत्याराच्या तोंडी दिला. अर्ध्या मिनिटात उत्तरे आली. एका ओळीत वर्ष, महिना, दिवस, सगळे कसे इस्त्री केल्यासारखे. पोराचा चेहरा उजळला. मी उत्तरे वाचू लागलो.

३-४-४१ चे झाले होते ४ मार्च २०४१.

म्हणजे ज्याचा मुलगा शिक्षकीतून निवृत्त झाला आहे, तो आमचा विद्यार्थी अजून जन्माला यायचा होता! शिवाय येणार तोही एप्रिलात नव्हे, मार्चात. आम्ही दोघे बराच वेळ हसलो. मग पोराने मला त्या हत्याराची रीत समजावून दिली, आणि हसणे थोडे कमी झाले.

दोन आकडी साल दिले की हे हत्यार आधी चालू शतक धरते, आणि उत्तर आजपासून पन्नास वर्षे किंवा त्याहून पुढे जात असेल तरच एक शतक मागे घेते. २०२४ साली त्याला ७४ दिले की ते १९७४ म्हणते. ७३ दिले की २०७३. खरी मेख पुढेच आहे. तेच ७४ त्याला २०२५ साली दिले की ते २०७४ म्हणते. कागद तोच, शाई तीच, लिहिणारा कधीच स्मशानात गेलेला, आणि वाचणारा दर नववर्षाला आपली मर्यादा एक वर्षाने सरकवतो. मला हे भलतेच चमत्कारिक वाटले. एखाद्या कादंबरीत घालावे असे आहे, पण घातले तर परीक्षक म्हणतील की लेखकाने अतिशयोक्ती केली.

दुसरी रीत महिन्याची. मुद्दाम काही सांगितले नाही तर हे हत्यार अमेरिकन पद्धतीने महिना आधी धरते. परंतु पहिला आकडा बारापेक्षा मोठा असला, तर तो महिना असूच शकत नाही हे ओळखून ते बिनबोभाट उलटे वाचते. म्हणून ३-४ चा मार्च झाला. पण १३-४ दिले असते तर तेराच एप्रिल आला असता. एकाच माणसाने एकाच दौतीतून लिहिलेल्या दोन तारखा, एक उलटी आणि एक सुलटी. हिशेब केला तर वर्षात १३२ तारखा अशा निघतात की ज्यांचे दोन्ही बाजूंनी वाचन होते आणि दोन्ही वाचने वेगळी येतात. बारा गुणिले बारा, त्यातून १-१, २-२ अशा बारा वजा. चौथीच्या मुलाला घालण्याजोगे गणित आहे. पीएचपी नावाच्या दुसऱ्या एका भाषेत तर तिरकी रेघ दिली की ३/४/२०२४ म्हणजे ४ मार्च, आणि आडवी रेघ दिली की ३-४-२०२४ म्हणजे ३ एप्रिल. रेघ किती तिरकी आली यावर माणसाचा महिना ठरतो!

तिसरी रीत मला सर्वांत अधिक खटकली. ‘जून १९५२’ या नोंदीत दिवसच नव्हता. हत्याराने तिथे १६ तारीख घातली होती. कुठून आणली? तर त्या दिवशी मे महिन्याची सोळा तारीख होती. जे ठाऊक नाही ते आजच्या दिवसातून भरून काढायचे, असा त्याचा परिपाठ. आम्ही तो रकाना दुसऱ्या दिवशी चालवला असता तर ती बाई १७ जूनला जन्मली असती.

“दिवस आधी धर, असे त्याला सांगता येत नाही का?” मी विचारले.

“येते की. पण मग वर्ष-महिना-दिवस अशा नीट लिहिलेल्या तारखासुद्धा ते वर्ष-दिवस-महिना म्हणून वाचते. बाराच्या आतला दिवस असला की संपलेच.”

म्हणजे आजाऱ्याला दिलेले औषध धडधाकट माणसाला बाधते.

याच्या उलट स्वभावाचेही एक हत्यार पायथॉनमध्ये आहे, स्ट्रपटाइम म्हणून. त्याला आधी नमुना द्यावा लागतो : दिवस, मग रेघ, मग महिना, मग रेघ, मग साल. नमुन्याबाहेर तसूभर गेले की ते काम टाकून देते आणि चूक म्हणून ओरडते. आमच्या शाळाखात्यात या दोन्ही स्वभावांचे तपासनीस मी पाहिले आहेत. एक जण काहीही लिहिले तरी हसतमुखाने सही करून पुढच्या गावाला जातो. दुसरा समास अर्धा इंच कमी पडला म्हणून वही परत करतो. पहिला आला की शाळेला आनंद होतो. पण वर्षभराने जेव्हा काही निस्तरायची पाळी येते, तेव्हा दुसऱ्याने परत केलेल्या वह्याच उपयोगी पडतात. अर्थात दुसराही काही देव नव्हे. दोन आकडी सालाचे स्ट्रपटाइमचेही ठरलेले आहे : ६९ ते ९९ मागच्या शतकात, शून्य ते ६८ चालू शतकात. आमच्या एकेचाळीसच्या गड्याला तोही भविष्यातच पाठवतो. फक्त त्याची रेघ जागची हलत नाही, एवढा त्याचा गुण.

शेवटी आम्ही काय केले ते सांगतो, कारण मला त्या कामाचा फार आनंद झाला.

एकेक नोंद सुटी घेऊन विचारायची नाही, असे ठरले. ३-४-४१ ला तू कोण म्हणून विचारले तर तो बिचारा काय सांगणार? त्याचा सगळा वर्ग उभा करायचा. एका गुरुजींच्या अक्षरातल्या साऱ्या नोंदी एकत्र घेतल्या आणि पाहिले, की बारापेक्षा मोठा आकडा पहिल्या जागी किती वेळा येतो आणि दुसऱ्या जागी किती वेळा. पहिल्या जागी शेकड्यांनी आला आणि दुसऱ्या जागी एकदाही नाही, म्हणजे हे गुरुजी दिवस आधी लिहीत. मग त्यांच्या मुक्या नोंदीही बोलक्या झाल्या. सालाचा पेच दाखल तारखेने सोडवला. १९४७ साली पहिलीत आलेले मूल २०४१ साली जन्मलेले नसते. दाखल होताना वय पाच ते सोळाच्या बाहेर गेले की ती नोंद बाजूला काढायची आणि माणसाने पाहायची, असा पोराने नियम लिहिला. त्या नियमाने एका खंडात लागोपाठच्या काही नोंदी बाजूला पडल्या. कागद काढून पाहिला तर अक्षरच निराळे! दोन-एक महिन्यांपुरते आलेले कोणी बदली गुरुजी होते, आणि ते महिना आधी लिहीत. का लिहीत, कोण जाणे. त्यांचे नाव कुठे नाही. पण त्यांच्या त्या सवयीची ओळख मला साठ वर्षांनी झाली, आणि एखाद्या अनोळखी माणसाची चाल दुरून ओळखावी तसे काहीसे वाटले.

शकातल्या नोंदी थोड्याच होत्या, पण त्यांनी सर्वांत जास्त वेळ घेतला. शकात ७८ मिळवले की इसवी सन येते हे खरे, परंतु शक गुढीपाडव्याला बदलतो, तेव्हा जानेवारी ते पाडव्यापर्यंत ७९. त्यात अधिक महिना. १५ ऑगस्ट १९४७ हा दिवस पंचांगाप्रमाणे शके १८६९ च्या अधिक श्रावणातला, वद्य चतुर्दशीचा. नोंदीतला ‘अधिक’ हा शब्द गाळला की माणूस एक महिना पुढे सरकतो. त्यानंतर १९६६, १९८५, २००४ आणि २०२३ सालीही अधिक श्रावण आला. त्या महिन्यात जन्मलेल्याने तिथीने वाढदिवस करायचा म्हटला तर कितीतरी वर्षे वाट पाहावी, नाही तर निज श्रावणात समाधान मानावे. आणि नुसता ‘कार्तिक वद्य’ म्हणून भागत नाही. कोणाचा कार्तिक ते विचारावे लागते. आपली नरकचतुर्दशी आश्विन वद्यातली. उत्तरेकडे महिना पौर्णिमेला संपवतात, म्हणून तोच दिवस त्यांच्या कार्तिकात पडतो. दिवे एकाच पहाटे लागतात, महिने मात्र दोन. भारत सरकारने २२ मार्च १९५७ पासून सगळ्या देशासाठी एक राष्ट्रीय दिनदर्शिका सुरू केली. मेघनाद साहांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने ती सुचवली होती. ती नेमकी आणि सुटसुटीत आहे. आमच्या रजिस्टरात तिच्यातली एकही नोंद नाही.

याच निमित्ताने मी पोराला एक वेडा प्रश्न घातला. छत्रपती शिवाजी महाराजांची जन्मतारीख यंत्राला दे आणि वार विचार. जेधे शकावलीत शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार असा तपशील आहे, आणि त्यावरून येणारी १९ फेब्रुवारी १६३० ही सरकारी शिवजयंतीची तारीख आहे. यंत्र म्हणाले, मंगळवार.

आम्ही दोघेही सावरून बसलो. यंत्राचे गणित चुकत नव्हते आणि शकावलीही चुकत नव्हती. त्या काळातल्या तारखा आपले इतिहासकार इंग्रजांच्या जुन्या, ज्यूलियन कालगणनेने देतात. पोप ग्रेगरींनी १५८२ साली कालगणना सुधारली, इंग्रजांनी ती १७५२ साली घेतली, आणि घेताना सप्टेंबरातले अकरा दिवस गाळले. पायथॉन मात्र नवी गणना तशीच मागे मागे चालवत नेतो, जणू ती पहिल्या दिवसापासून होती. महाराजांच्या जन्माचा तो शुक्रवार नव्या गणनेने १ मार्च १६३० ला येतो. तिथे यंत्रानेही शुक्रवारच सांगितला. नुसती तारीख असती तर हे कळले नसते. वार होता म्हणून कळले. जुने लोक तिथी लिहून वार लिहीत, वार लिहून नक्षत्र लिहीत, त्यावर घटी-पळे लिहीत, तो काही शब्दांचा फुलोरा नव्हे. एकेका तारखेला ते तीन-तीन साक्षीदार उभे करून ठेवत होते.

आणि डेटयुटिल या साक्षीदाराचे काय करते? तारखेबरोबर चुकीचा वार दिला तरी ते तक्रार करत नाही. दिवसाचा आकडा हाती लागला की वाराकडे ढुंकूनही पाहत नाही. साक्षीदार कोर्टाच्या दारात आला आहे, त्याला बोलायचे आहे, आणि कारकून म्हणतो, तुम्ही जा, कागद पुरे आहे.

वेळेविषयी फार लिहीत नाही. ज्याला मराठीतली वेळ यंत्राला शिकवायची असेल त्याने आधी ‘साडे’ शिकवावे, साडेदहा, साडेअकरा. ते शिकून झाले की सांगावे, साडेएक कोणी म्हणत नाही, दीड म्हणतात; साडेदोनही म्हणत नाहीत, अडीच म्हणतात. मग पावणे. मग ‘मंगळवारी रात्री दोनला’. आजीच्या तोंडी याचा अर्थ मंगळवार मावळल्यानंतरची रात्र, कारण आपला वार सूर्योदयाला बदलतो. यंत्राचा वार मध्यरात्री बदलतो, तेव्हा ते सोमवार-मंगळवारच्या मधली रात्र धरते. चोवीस तासांचा फरक; पत्रिका पाहणाऱ्या घरात यावरून सोयरीक मोडेल.

हे सारे आम्ही हौसेने करत होतो. जूनमध्ये शाळा उघडली आणि एक म्हातारी बाई शाळेत आली. गावातल्याच, पण मुलाकडे मुंबईला राहून परत आलेल्या. मी त्यांना मावशी म्हणतो. पासष्ट वर्षे पुरी झाल्यावर मिळते ते निवृत्तिवेतन मागायला त्या मार्चमध्ये एका कचेरीत गेल्या होत्या. तिथल्या यादीत त्यांचे वय भरत नव्हते. नोव्हेंबरात या, म्हणून सांगितले. जाणे-येणे तीन वेळा झाले, एसटीचे पैसे गेले, आणि दर वेळी कोणीतरी पडद्याकडे बोट दाखवले.

“मास्तर, त्या पडद्यात म्हनं मी दिवाळीत जन्मले.”

मी रजिस्टर काढले. ११-२-५९. अकरा फेब्रुवारी. यादीत छापले होते २ नोव्हेंबर १९५९. अधिक काही विचारायची गरज नव्हती. ती यादी तक्त्यांच्या प्रोग्रॅमात केलेली होती आणि त्या संगणकावर अमेरिकन क्रम लावलेला होता. मावशींनी आणलेल्या छापील पानावर रकाना जरा निरखून पाहिला. काही तारखा खणाच्या उजव्या कडेला टेकलेल्या, काही डाव्या कडेला. उजवीकडच्या त्या यंत्राला ‘समजलेल्या’. डावीकडच्या, ज्यांत दिवस बारापेक्षा मोठा होता, त्या महिना म्हणून बसेनात, म्हणून यंत्राने त्यांना नुसती अक्षरे समजून तशाच सोडून दिल्या. म्हणजे त्या यादीत जे यंत्राला समजले नाहीत ते सगळे वाचले होते, आणि जे समजले त्यांचे काही खरे नव्हते.

अशा समजूतदारपणाचा ताप मोठमोठ्या शास्त्रज्ञांनाही झाला आहे. माणसाच्या काही जनुकांची जुनी नावे मार्च-एक, सेप्ट-एक अशी होती. एक्सेल त्यांना तारखा समजून पहिली मार्च आणि पहिली सप्टेंबर करून टाकी. शेवटी २०२० साली जनुकांना नावे देणाऱ्या समितीने जनुकांचीच नावे बदलली. यंत्राला नमवता येईना, म्हणून माणसाने माणसाच्या रक्तातल्या वस्तूचे बारसे पुन्हा केले!

पण मावशींचे नाव असे बदलता येणारे नव्हते, आणि त्यांचा युक्तिवाद माझ्याहून सरस होता. “माझी आई सांगायची, मी माघातली. थंडी होती, ज्वारी कापायला आली होती. दिवाळीत झाले असते, तर बाईचं नाव दिवाळी नसतं ठेवलं?” मी घरी जाऊन ताडून पाहिले. १९५९ चा २ नोव्हेंबर खरोखरच ऐन दिवाळीतला दिवस होता, आणि ११ फेब्रुवारी माघाच्या शुद्ध पक्षातला. त्यांच्या आईने काही लिहून ठेवले नव्हते. वाचताही येत नव्हते तिला.

आमच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर जन्मतारीख दोनदा लिहायची असते : एकदा अंकी, एकदा अक्षरी. नवे शिक्षक त्या अक्षरी ओळीला कंटाळतात. मी मुख्याध्यापकांकडून दाखला करून घेतला. ‘अकरा फेब्रुवारी एकोणीसशे एकोणसाठ.’ तो घेऊन मावशी पुन्हा कचेरीत गेल्या. तिथल्या एका तरुण अधिकारी बाईंनी तो वाचला, पडदा पाहिला, पुन्हा दाखला पाहिला आणि तिथल्या तिथे सुधारणा केली. बाई भल्या होत्या. त्यानंतर अर्ज चालू लागला. मधल्या महिन्यांचे पैसे मात्र मिळाले नाहीत. अर्ज मंजूर झाला त्या दिवसापासून धरायचे, असा नियम त्यांना सांगण्यात आला.

हे सांगितले तेव्हा पोराने आपल्या प्रोग्रॅमात एक फेरफार केला. आधी मूळ नोंद पुसून तिच्या जागी इस्त्रीची तारीख बसत होती. आता तीन रकाने आहेत. पहिल्यात कागदावर होते तसे, ठिपक्या-रेघेसकट. दुसऱ्यात वाचलेली तारीख, वर्ष आधी, मग महिना, मग दिवस, अशी १९८८ च्या आंतरराष्ट्रीय ठरावाप्रमाणे. तिसऱ्यात ती कशावरून वाचली : अक्षरावरून, दाखल तारखेवरून, पंचांगावरून, की नुसत्या अंदाजाने. जिथे दिवस नाही तिथे दिवसाचा खण रिकामा. पोराचे म्हणणे असे, की साऱ्या जगाने त्या ठरावाप्रमाणेच तारीख लिहावी, म्हणजे हा पोटापाण्याचा उद्योगच बंद पडेल. पुढे लिहिणाऱ्यांनी लिहावी की. आमच्या कपाटातले लोक लिहून मोकळे झाले आहेत.

या तीन रकान्यांत सगळ्यांत देखण्या दिसतात त्या १ जूनच्या नोंदी. दिवस आहे, महिना आहे, चार आकडी साल आहे. दिवस आधी धरायचा एवढे सांगून कोणत्याही हत्याराला द्या, मऊ असो की कडक, एकच उत्तर येते. आणि त्या केवढ्या आहेत! महाराष्ट्रात ज्यांच्या घरी जन्मतारीख टिपलेली नव्हती त्यांची मुले शाळेत आली, की गुरुजी मुलाकडे नजर टाकत, हात डोक्यावरून घेऊन कान धरायला लावत, आणि जूनमध्ये शाळा सुरू होते त्या हिशेबाने १ जून लिहून मोकळे होत. त्यात त्यांचा काही अपराध नव्हता. खण रिकामा ठेवायची सोय नव्हती. गावोगावच्या कितीतरी आजोबा-काकांचा वाढदिवस त्यामुळे एकाच दिवशी येतो, आणि सरकारी नोकरांची जत्राच्या जत्रा ३१ मे रोजी निवृत्त होते.

आमच्या एका खंडात १९७३ साली दाखल झालेल्या एका मुलाची नोंद आहे. जन्मतारीख १-६-१९६७. शेऱ्याच्या रकान्यात त्याच गुरुजींनी बारीक अक्षरात पुढे लिहिले आहे : आई म्हणते, भूकंपाच्या आदल्या आठवड्यात. कोयनेचा भूकंप झाला ११ डिसेंबर १९६७ ला, पहाटे. आमच्या भागात त्याची तारीख कोणाला पाठ करावी लागत नाही.

पोराने ती ओळ दोनदा वाचली. दुसऱ्या रकान्यात काय घालू, असे त्याने विचारले नाही. १ जून तिथे यंत्राने आपोआप भरलेलाच होता. त्याने तिसऱ्या रकान्यात ‘शेरा पाहा’ एवढे टंकले आणि पुढच्या नोंदीकडे गेला. त्या नोंदीचा धनी आमच्या आळीत राहतो. २०२५ च्या ३१ मे रोजी तो निवृत्त झाला.